सल्ला त्यांचा, सातबारा आपला

कोरेगावच्या एसटी स्थानकाभोवती पूर्वी वाढदिवसांचे फ्लेक्स लागत. आता त्यांत एक नवा प्रकार घुसला आहे : ‘उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला रवाना झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. खाली शुभेच्छुकांची रांग आणि कोपऱ्यात कन्सल्टन्सीचे नाव, मोबाइल नंबर. फ्लेक्सचा खर्च कोणी केला, हे त्या कोपऱ्यावरून कळते.

रहिमतपूर-पिंपोड्याची पोरे परदेशी शिकायला जातात याचे आम्हाला वाईट वाटत नाही. जावीतच. चिंता आहे ती व्यवहाराची. यात चौघे असतात : तिकडचे विद्यापीठ, इकडचा कन्सल्टंट, कर्ज देणारा आणि मुलाचे घर. पोरगे विमानात बसेपर्यंत पहिल्या दोघांचे पैसे हातात पडलेले किंवा ठरलेले असतात, तिसऱ्याचे तारणात किंवा जामीनदाराच्या सहीत अडकवलेले असतात. बुडू शकते ते फक्त घर. आणि या चौघांत सर्वांत कमी माहितीही घरालाच असते.

‘आमची सेवा मोफत आहे’ असे कन्सल्टंट सांगतो तेव्हा तो बहुधा खोटे बोलत नसतो. त्याला कमिशन विद्यापीठ देते, मुलाने भरलेल्या फीमधून. म्हणजे जे विद्यापीठ कमिशन देते, तेच मुलासाठी ‘बेस्ट’ ठरते. जर्मनीचे पाहा. तिथल्या बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांना शिक्षण शुल्कच नाही. शुल्क नाही तिथे कमिशन कुठून येणार? म्हणून या कचेऱ्यांत जर्मनीचा विषय निघाला की चेहरे पडतात, नाहीतर लाखाचे ‘पॅकेज’ पुढे येते. खरे तर कागदपत्रांच्या पडताळणीच्या एपीएस प्रमाणपत्राचे १८ हजार रुपये, अर्ज एकत्र स्वीकारणाऱ्या युनि-असिस्टकडे पहिल्या अर्जाचे ७५ युरो व पुढच्या प्रत्येक अर्जाचे ३० युरो, हा मुख्य अर्जखर्च. वर्षाच्या राहण्याखाण्याचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड खात्यात ठेवावे लागतात, पण ते मुलाचेच असतात आणि दरमहा ९९२ युरो असे त्यालाच परत मिळतात. हे सगळे अर्ज पदवीधर पोराला घरी बसून भरता येतात. ट्रान्सक्रिप्टसाठी शिवाजी विद्यापीठाचे हेलपाटे तर कन्सल्टंट असला तरी पोरालाच घालावे लागतात.

दुसरी गोष्ट नियमांची. आपण ज्या देशांवर पैसा लावतो, तिथली सरकारे खेळ रंगात असताना नियम बदलतात. कॅनडाने १ जानेवारी २०२४ पासून खर्चासाठी दाखवायची रक्कम १० हजार डॉलरवरून २०,६३५ डॉलरवर नेली, त्याच महिन्यात विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी झटपट व्हिसाची सोय एका दिवसात बंद केली. ऑस्ट्रेलियाने व्हिसाचे शुल्क १ जुलै २०२४ रोजी ७१० वरून १,६०० डॉलर केले आणि वर्षाने २,०००. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर राहण्याची दोन वर्षांची मुदत पुढे दीड वर्षावर येणार आहे. कर्जाचा हिशेब मात्र ‘दोन वर्षे तिकडे नोकरी केली की फिटेल’ याच जुन्या गृहीतकावर मांडला जातो.

आता कर्ज. इथेच गाव अडकते. बँकांना कोर्टात न जाता तारण विकू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, त्यामुळे मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा सातबारा घेत नाहीत. ‘एनए आहे का?’ हा मॅनेजरचा पहिला प्रश्न. घर गावठाणातले, कागद अर्धवट. मग पुण्यातल्या मामाचा फ्लॅट तारण, नाहीतर बिनतारणी कर्ज देणारी खासगी कंपनी आणि तिचे चढे व्याज, नाहीतर थेट अर्ध्या एकराची इसारपावती. ब्रिटनच्या व्हिसासाठी रक्कम सलग २८ दिवस खात्यात दिसावी लागते. ती तेवढ्यापुरती ‘दाखवायला’ व्याजाने मिळते, हे उघड गुपित आहे. व्हिसा मिळाल्यावर ती रक्कम सावकाराकडे परत जाते आणि पोरगे रिकाम्या खात्यानिशी लंडनला उतरते. शिवाय ज्या भरवशावर हे होते ते पीक कोणते? आले. २०२३ साली गाडीला, म्हणजे ५०० किलोला, उच्चांकी भाव होता. पुढे तोच भाव कोसळला. फीचा हप्ता काही आल्याचा भाव विचारून येत नाही.

फसवणुकीचा टोकाचा नमुना पंजाबने पाहिला आहे. जालंधरच्या एजंटाने दिलेली कॅनडातल्या कॉलेजांची प्रवेशपत्रे बनावट निघाली आणि २०२३ मध्ये शेकडो मुलांवर हद्दपारीची टांगती तलवार आली. पुष्कळांना हे कळले ते तिकडे शिकून, नोकरी करून, कायम वास्तव्याचा अर्ज केल्यावर. पंजाबात निदान एजंटांच्या नोंदणीचा कायदा २०१२ पासून आहे. नोकरीसाठी माणसे परदेशी पाठवणाऱ्याला केंद्राचा परवाना लागतो. शिक्षणासाठी पाठवणाऱ्याला आपल्याकडे दुकानाचा गुमास्ता परवाना पुरतो.

परदेशी शिक्षणाची जोखीम घरानेच घ्यावी, असा काही या मातीचा रिवाज नव्हता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव घातलेले भीमराव आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पोहोचले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची चाकरी असा करार. जोखीम संस्थानाची होती. शिष्यवृत्तीची वाढीव मुदत संपताच १९१७ मध्ये त्यांनाही कोलंबियानंतरचे लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले आणि १९२० साली पुन्हा जाताना शिकवणीतून साठवलेला पैसा, शाहू महाराजांची मदत व नवल भथेना या मित्राचे कर्ज जमवावे लागले.

आज शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जातींसाठी आणि सयाजीरावांच्या नावाने ‘सारथी’ या सरकारी संस्थेमार्फत मराठा-कुणबी मुलांसाठी परदेशी शिष्यवृत्ती आहे. जागा प्रत्येकी ७५, साऱ्या महाराष्ट्राला मिळून. त्या वाढवा, ही मागणी आहेच. पण या योजनांतली एक अट प्रत्येक बापाने फुकटात उचलावी : सरकार जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या दोन-तीनशे विद्यापीठांसाठीच पैसे देते. ज्या कॉलेजावर सरकार एक रुपया लावायला तयार नाही, त्यासाठी आपण विहिरीकडेचे रान का विकायचे? कन्सल्टंटने पुढे ठेवलेल्या यादीला हा प्रश्न विचारून पाहावा.

राज्य सरकारने येत्या अधिवेशनात नोंदणीचा कायदा आणावा आणि त्यात एक कलम ठळक अक्षरांत घालावे : कोणत्या विद्यापीठाकडून किती कमिशन मिळते, हे सल्लागाराने पालकाला सहीनिशी लिहून द्यायचे. कोरेगाव-साताऱ्यातल्या महाविद्यालयांनी तोवर थांबायचे कारण नाही. शेवटच्या वर्षाच्या वर्गात एक तासिका, तिकडे शिकून आलेला एखादा माजी विद्यार्थी आणि चालू इंटरनेट एवढ्यावर अर्ज कसा भरायचा, ऑफर लेटर खरे की खोटे हे विद्यापीठाकडूनच कसे तपासायचे, हे शिकवता येते. आणि ज्यांच्या घरी आत्ता ‘फाइल टाकली’ आहे, त्यांनी इसार घेण्याआधी त्या विद्यापीठाला स्वतः एक ईमेल पाठवावा. उत्तर येईपर्यंत खरेदीदाराला थांबवता येईल. थांबत नसेल, तर त्याला दुसरी जमीन बघू द्या.