दम्याच्या ओपीडीत काही लपवू नका

आपल्या ओळखीत एक तरी दमेकरी असतोच. गल्लीतल्या दवाखान्यात सुई टोचून घ्यायची, चार दिवस बरे वाटते, पुन्हा रात्री धाप लागते. मग कधीतरी मोठ्या रुग्णालयातील छातीच्या डॉक्टरांकडे जाण्याची चिठ्ठी मिळते आणि माणूस घाबरतो. तेथे काय होते हे ठाऊक असले, तर भीती उरत नाही.

गेल्या वर्षी मी आईला घेऊन गेलो. तिने आयुष्यभर बिड्या वळल्या. डॉक्टरांनी विचारले, "मावशी, रोजचा पंप दोन्ही वेळा घेता ना?" आई "हो" म्हणाली. डॉक्टर डोस वाढवून लिहू लागले, तेव्हा मला राहवले नाही. पंप महाग, शिवाय शेजारणी म्हणतात त्याची सवय लागते, म्हणून आई तो धाप लागली तरच घेत होती. मी हे सांगितले. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "मावशी, घेऊन दाखवा." आईने पंप दाबला, औषध तोंडातच राहिले! डोस वाढला नाही. पंप घेण्याची रीत तेवढी बदलली. आता ती रात्रीची उठून बसत नाही.

तेव्हा तेथे विचारतील ते खरे सांगा. रात्री किती वेळा जाग येते, काम कोणते करता, धूळ-पीठ-कापूस नाकात जातो का, घरात चूल, बिडी, अगरबत्ती वा डासांची कॉइल जळते का, भिंतीला ओल आहे का. हे विचारतात ते उपचारासाठी, कमीपणा दाखवण्यासाठी नव्हे.

मग फुंकण्याची तपासणी होते. नाकाला चिमटा लावतात. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जोराने, संपेपर्यंत फुंकायचे. असे निदान तीन वेळा. नंतर औषध देऊन सुमारे 15 मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. श्वास बराच मोकळा झाला, तर दम्याचा अंदाज पक्का होतो. यात दुखत नाही. तपासणीआधी पंप किती तास बंद ठेवायचा, हे आधीच विचारून घ्या; पण धाप लागली तर पंप घ्या आणि तसे सांगा. एक्स-रे चांगला आला तरी दमा असू शकतो. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल, तर क्षयासाठी थुंकीही तपासतात.

पंप घेण्याची रीत तेथेच शिकून घ्या. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, हळूहळू श्वास आत घेतानाच दाबा, मग 10 सेकंद श्वास रोखा. जमत नसेल तर स्पेसर मागा. रोजच्या स्टेरॉइड पंपानंतर चूळ भरा. पंपाचे व्यसन लागत नाही. औषध थोडे लागते आणि थेट फुप्फुसात जाते. बरे वाटले म्हणून रोजचा पंप मनाने बंद करू नका. परवडत नसेल तर तसे स्पष्ट सांगा. रुग्णालयात किंवा जन औषधी दुकानात स्वस्त मिळेल का, ते विचारा.

जाताना जुने केसपेपर, एक्स-रे, सगळी औषधे आणि घरातले पंप पिशवीत घ्या.

मात्र एका दमात वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळे पडत असतील, पंपाने आराम पडत नसेल, तर तारखेची वाट न पाहता थेट अपघात विभाग गाठा.