गाडीची चकाकी आणि पोराचा दम

दसरा जवळ आला की पुण्यात गाड्या धुण्यापुसण्याची एकच धांदल उडते. पूर्वी बादलीभर पाणी, जुने फडके आणि डबीतले पॉलिश एवढ्यावर काम भागे. आता बाणेर, वाकड, खराडी या भागांत ‘डीटेलिंग’ची काचबंद दुकाने निघाली आहेत. तेथे रंगावरचे बारीक ओरखडे यंत्राने घासून काढतात आणि वर सिरॅमिकचा लेप देतात. गेल्या वर्षी मीही माझी दहा वर्षांची गाडी अशीच करून आणली. गाडी नव्यासारखी दिसू लागली, घरची मंडळी खूश झाली. तिच्यावर दोन दिवस हात चालवणाऱ्या पोरांची प्रकृती कशी असेल, हा प्रश्न मात्र डॉक्टर असूनही माझ्या मनात आला नाही.

तो आला एका रुग्णामुळे. बावीस-तेवीस वर्षांचा, लातूरकडचा मुलगा. दोन महिने कोरडा खोकला आणि रात्री छातीत घरघर. विडी-सिगारेटचे व्यसन नाही. मी दोन वेळा अँटिबायोटिकच्या गोळ्या आणि खोकल्याचे औषध दिले. चार दिवस बरे वाटे, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला त्याच्या खोलीतला मित्र बरोबर आला होता. तो म्हणाला, “डॉक्टर, हा गावी गेला होता ना, तेव्हा आठ दिवसांत एकदाही खोकला नाही. इथं आला की रात्री उठून बसतो.” तेव्हा कुठे मी विचारले, “काम काय करतोस रे?” हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. ती चूक माझीच.

मुलगा डीटेलिंगच्या दुकानात बफिंग करत होता आणि गरज पडेल तेव्हा दरवाजा किंवा बंपर रंगवायलाही मदत करत होता. या कामात नेमके काय होते ते वाचकांनी समजून घेतले पाहिजे. आजच्या मोटारीच्या रंगावर ‘क्लिअर कोट’ नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या कागदाहूनही कमी. कडक उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात, त्या या थरावरच्या असतात. कंपाउंड लावून फिरत्या पॅडने हा थर किंचित घासतात, मग रेषा दिसेनाशा होतात. यात बारीक धूळ उडते. यंत्राच्या थरथरीने बोटांना मुंग्या येतात. पुसण्यासाठी वापरलेल्या थिनरच्या वाफेने डोके दुखते, गरगरते. काम संपल्यावर त्याच थिनरने हात धुतले की कातडीतले तेल निघून जाते आणि भेगा पडतात.

खरा धोका फवाऱ्याच्या रंगात आहे. ओरखडा खोल असेल तर नवा क्लिअर कोट मारावा लागतो. त्यात मिसळतात त्या हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट जातीची रसायने असतात. १९८४ साली भोपाळमध्ये जो वायू सुटला, तो याच कुळातला. हार्डनरमधला प्रकार वेगळा आहे आणि त्याने तसा हाहाकार होत नाही. परंतु त्याचा फवारा श्वासात जात राहिला, तर काहींना दमा जडतो. ब्रिटनमध्ये कामामुळे होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत याची गणना होते. एकदा शरीराने त्याच्याशी वैर धरले की पुढे अगदी थोडी मात्राही पुरते. वास आला नाही म्हणजे हवा शुद्ध आहे, असेही समजू नये. नाकाला कळण्याआधीच ती घातक पातळी ओलांडून गेलेली असू शकते.

त्यात या दुकानांची रचना पाहा. ओल्या लेपावर धुळीचा कण बसू नये म्हणून खोली बंद ठेवतात. गाडीला ते मानवते, पण आतल्या माणसाला तीच कोंडलेली हवा ओढावी लागते.

“तोंडाला काय बांधतोस?” मी विचारले. “रुमाल. आणि रोज गूळ-केळं खातो की.” गूळ-केळे जरूर खावे, पण ते पोटात जाते, फुप्फुसात नाही. रुमालाने वाफ अडत नाही आणि कापडी मास्कनेही नाही. थिनर आणि धुळीसाठी काडतूस बसवलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा रबरी मास्क लागतो. हार्डनरचा रंग फवारताना त्याहून चांगले म्हणजे बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरवणारा मास्क आणि हवा बाहेर ओढणारी स्वतंत्र खोली. हातात नायट्राइलचे मोजे असावेत.

चाके चमकवण्याच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा तसेच क्षार असतात. ते हाताला लागले तर लगेच आग होईलच असे नाही. काही तासांनी आतून ठणका लागतो. अशा वेळी भरपूर पाण्याने धुऊन, बाटली बरोबर घेऊन, ताबडतोब रुग्णालय गाठावे. घरगुती मलम लावून रात्र काढू नये.

कामाच्या दिवसांत खोकला किंवा घरघर आणि सुटीत आराम, असे चक्र दिसले तर दम्याचा संशय घ्यावा. पीक फ्लो मीटर या फुंकायच्या साध्या उपकरणाने कामाच्या आणि सुटीच्या दिवसांतला फरक नोंदवता येतो. पंपाची सवय लागते ही भीती सोडावी. पण नुसत्या पंपावर विसंबूही नये. त्या फवाऱ्यापासून लवकर दूर झाल्यास बरे होण्याची शक्यता जास्त. दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या दुकानांना ईएसआय योजना लागू होते. नाव नोंदवले असेल तर बिबवेवाडीच्या ईएसआय रुग्णालयात उपचार मिळतात. मालकाने नाव नोंदवले आहे का, हे कामगाराने विचारावे.

सिरॅमिकच्या लेपावर हजारो रुपये घेणाऱ्या मालकाला चांगले मास्क आणि एक एक्झॉस्ट पंखा परवडत नाही, हे मला पटत नाही. मात्र गिऱ्हाईक विचारत नाही तोवर तोही मनावर घेणार नाही. म्हणून गाडी देताना दर आणि वॉरंटीबरोबर रंग मारणारा मुलगा तोंडाला काय लावतो, हेही पाहून घ्या. रुमाल दिसला तर दुसरे दुकान शोधा. शिवाय हे घासकाम दरवर्षी करण्याचे नव्हे. थर दर वेळी पातळ होतो आणि एकदा संपला की परत येत नाही.

त्या मुलाला मी छातीच्या तज्ज्ञाकडे पाठवले. रंगाचे काम त्याने सोडले. आता तो एका गॅरेजमध्ये टायर आणि चाकांचे काम करतो. पगार थोडा कमी आहे, पण रात्री झोप लागते. माझ्या दवाखान्यात आता केसपेपरवर वयाच्या खाली एक ओळ वाढली आहे: काम काय करता?