दोन शब्दांचा अहवाल

परवा ऑफिसात डबा खाताना हेलिकॉप्टरचा विषय निघाला. एक जण म्हणाला, "अरे, ते एमआय-१७ म्हणजे रशियन भंगार! उडती शवपेटी." दुसऱ्याने लगेच सुरू केलं, "छे, कुन्नूरला घातपातच होता." दोघंही अगदी ठाम. मी वाद घातला खरा, पण घरी येताना जाणवलं की त्यांच्यासमोर ठेवायला माझ्याकडे धड कागदच नव्हता. आणि राग येतो तो याच गोष्टीचा.

आधी भंगाराबद्दल. एमआय-१७ हे १९६१ साली पहिल्यांदा उडालेल्या एमआय-८ च्या घराण्यातलं. दिसायला बोजड, पण सुमारे ४ टन माल उचलतं. २८ नोव्हेंबर २००८ ला नरिमन हाउसच्या गच्चीवर कमांडो दोराने उतरले ते यातूनच. आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. २०१३ च्या उत्तराखंडच्या प्रलयात यानेच माणसं बाहेर काढली आणि त्याच कामात असताना २५ जूनला गौरीकुंडजवळ एक कोसळून २० जण गेले. एप्रिल २०२४ मध्ये नैनितालजवळचा वणवा विझवायला भीमतालचं पाणी वाहून नेलं तेही यानेच. याला भंगार म्हणायला जीभ कशी रेटते?

आता कुन्नूर. ८ डिसेंबर २०२१ ला सुलूरहून वेलिंग्टनला निघालेलं एमआय-१७ व्ही-५ कोसळलं. जनरल बिपिन रावत यांच्यासह आतले सगळे १४ जण गेले. त्यातल्या ग्रुप कॅप्टन वरुण सिंग यांनी आठवड्याने, १५ डिसेंबरला प्राण सोडले. जानेवारी २०२२ मध्ये प्राथमिक निष्कर्ष आला: यांत्रिक बिघाड नाही, घातपात नाही, हलगर्जीपणाही नाही, दरीतलं हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, वैमानिकाचं दिशाभान हरपलं. डिसेंबर २०२४ मध्ये संसदीय समितीच्या अहवालातल्या तक्त्यात याच अपघातापुढे कारण आलं, 'मानवी चूक'. कंसात, वैमानिक दल.

झालं! दोन शब्द. आणि ज्यांच्या माथी ते मारले, ते उत्तर द्यायला हयात नाहीत.

चूक झालीच नसेल असं मी म्हणत नाही. पण निघताना हवामानाचा अंदाज काय होता? परत फिरायचा निर्णय कुणाच्या हातात होता? इतकी मोठी व्यक्ती आत असताना 'आज जात नाही' म्हणणं वैमानिकाला कितपत सोपं असतं? पूर्ण अहवालच लोकांसमोर नाही, तर हे विचारायचं कुणाला?

गंमत म्हणजे याच घराण्यातलं एमआय-१७२ आपल्याकडे प्रवासी वाहतुकीतही उडलंय. नागरी विमानाला अपघात झाला की चौकशीचा अंतिम अहवाल प्रसिद्ध होतो, कुणीही वाचावा. अंगावरचा रंग लष्करी असला की मात्र तो कपाटात. डोंगर आणि ढग काय रंग बघून वागतात?

सुरक्षेचं काय, असं तुम्ही म्हणाल. मान्य. जे गुप्त ठेवायलाच हवं ते झाका. अमेरिकेचं हवाईदल दोन चौकश्या करतं. सुरक्षेसाठीची गोपनीय असते, दुसरीचा अहवाल लोकांसाठी खुला. आणि आपलंच उदाहरण घ्या ना. २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगाममध्ये आपल्याच क्षेपणास्त्राने आपलं एमआय-१७ पाडलं. हवाईदलाचे ६ आणि जमिनीवरचा एक नागरिक असे ७ जण गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाईदल प्रमुखांनी ही मोठी चूक होती असं जाहीरपणे मान्य केलं. त्याने आभाळ कोसळलं नाही. उलट माझ्यासारख्याचा विश्वास वाढला.

जिथे कागद नसतो तिथे अफवा घर करते. मग कुणी यंत्राला शिव्या घालतो, कुणी घातपात शोधतो, आणि मेलेल्या वैमानिकाच्या घरच्यांना 'मानवी चूक' हे दोन शब्द घेऊन जगावं लागतं. तशाच ढगाळ दरीत उद्या दुसरं कुणीतरी हेलिकॉप्टर घेऊन जाणारच आहे. आपण नेमकं काय शिकलो, हे निदान त्याच्या घरच्यांना तरी वाचायला मिळायला नको का?