हलके जाकीट आणि पाण्यातले वजन

जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातील शाखेत बसणाऱ्या माणसाने समुद्रात बुडी घेण्याच्या जाकिटाविषयी लिहावे, हे वाचकांना काहीसे विचित्र वाटेल. सीकर रस्त्याला लागून असलेल्या आणि क्रमांकांनीच ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यांच्या या वसाहतीत समुद्राचा विषय सहसा निघत नाही. जयपूरचे जलक्रीडेशी नाते सांगायचे तर १९८२ च्या आशियाई स्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती जवळच्या रामगढ तलावात झाल्या होत्या. पुढे तो तलावच आटला. तरीही हा विषय माझ्या घरात आला, आणि तोही कन्येच्या सामानातून.

पुण्याला नोकरी करणारी आमची मुलगी गेली दोन वर्षे मालवण-तारकर्लीला जाऊन स्कूबा शिकते आहे. यंदाच्या दिवाळीत ती आली तेव्हा तिच्या बॅगेतून चादरीसारखी गुंडाळलेली एक वस्तू निघाली. नव्या बनावटीचे, वजनाला हलके असे स्वतःचे जाकीट तिने बचतीतून घेतले होते. माझी पहिली प्रतिक्रिया बँकेतल्या माणसाला शोभेल अशीच होती. जे भाड्याने मिळते ते विकत कशाला घ्यायचे? आणि घ्यायचेच तर इतके पातळ का? ज्या वस्तूवर आपल्या मुलीचा जीव अवलंबून आहे ती हातात घेतल्यावर भक्कम लागावी, अशी कोणत्याही बापाची अपेक्षा असते. हे जाकीट हातात घेतले तर शाळेच्या दप्तराएवढेही जड नव्हते.

या जाकिटाचे काम थोडक्यात सांगतो. त्याच्या आत हवेची एक पिशवी असते. पाठीवरच्या टाकीतून नळीवाटे तिच्यात हवा भरली की बुडी घेणारा वर उचलला जातो आणि हवा सोडली की खाली जातो. मासा आपल्या वाताशयाने जे साधतो, तेच माणसाला येथे दोन बटणांनी साधावे लागते. १९४३ साली कुस्तो आणि गान्यां यांनी पाण्याखाली श्वास घेण्याचे आधुनिक उपकरण सिद्ध केले, तेव्हा असे जाकीट नव्हतेच. कमरेला शिसे बांधायचे, आणि बाकीचे फुप्फुसांच्या भरवशावर. १९६१ च्या सुमारास मॉरिस फेंझी या फ्रेंच गृहस्थाने गळ्यात अडकवायची हवेची पिशवी बाजारात आणली आणि तेथून आजच्या जाकिटापर्यंत प्रवास झाला.

दहा मीटर खोलीवर पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि पिशवीतली हवा निम्म्या जागेत मावते. वर येताना तीच हवा फुगत जाते. ती वेळेवर सोडली नाही तर माणूस बाटलीच्या बुचासारखा वर फेकला जातो, आणि अशा वेगाने वर येणे फुप्फुसांना घातक ठरू शकते. म्हणून या वस्तूचा खरा कस हवा सोडणाऱ्या झडपेत असतो.

हे मला पुस्तकातून कळले असे नाही. आमचे एक जुने खातेदार नळांच्या तोट्या आणि झडपा बनवतात. दिवाळीनंतर एके दुपारी त्यांच्या कारखान्यात जाणे झाले, तेव्हा मुलगी आणि ते जाकीट माझ्याबरोबर होते. त्यांनी कापड बोटांत चोळून पाहिले, कडेची जोडणी उलगडून पाहिली आणि म्हणाले, "साहब, कपड़ा तो ठीक है, पर इसकी जान वाल्व में है." मग स्वतः बटण वीसपंचवीस वेळा दाबून पाहिले. दाबल्यावर ते पूर्ण परत येते का, मध्येच अडकते का, एवढेच त्यांना पाहायचे होते. समुद्राचे पाणी आत सुकले की मिठाचे कण झडपेत बसतात आणि बटण चिकटते. म्हणून प्रत्येक बुडीनंतर जाकीट आतूनबाहेरून गोड्या पाण्याने धुवावे लागते, असे मुलीने सांगितले. समुद्र कधीही न पाहिलेल्या त्या गृहस्थांनी मान डोलावली. झडपेतल्या क्षाराशी त्यांची ओळख जुनी होती.

त्यांच्या काट्यावर जाकीट २ किलो २०० ग्रॅम भरले. भाड्याने मिळणारे नेहमीचे जाकीट चार किलोच्या आसपास असते. मग त्यांनीच सुचवले की तोट्यांची गळती तपासण्याच्या टाकीत हे बुडवून पाहू. तोंडाने फुंकून जाकीट पूर्ण फुगवले आणि खाली लोखंडी वजने टांगली. चिठ्ठीवर १३ किलोची उचल लिहिली होती. प्रत्यक्षात १५ किलोपर्यंत ते काठोकाठ बुडून का होईना, तरंगत राहिले आणि पुढच्या किलोला तळाशी गेले. माझ्या चेहऱ्यावरचा आनंद मुलीने फार वेळ टिकू दिला नाही. लोखंड पाण्यात आपल्या वजनाचा सुमारे आठवा भाग गमावते, म्हणजे १५ किलोचे तेथे १३ किलोच झाले, असा हिशेब तिने मांडला. चिठ्ठी खरी होती, पण उदार नव्हती. बुडबुडा मात्र एकही दिसला नाही.

आदल्या रात्री घरीही आम्ही जाकीट फुगवून ठेवले होते. पहाटे ते किंचित सैल लागले आणि माझ्या काळजात धस्स झाले. ऊन वर आले तसे ते पुन्हा ताठ झाले. जयपूरच्या गार पहाटेने हवा आकसली होती, एवढेच. सौभाग्यवतींनी मात्र त्या दोन तासांत जाकीट परत करण्याचा निर्णय घेऊन टाकला होता.

आता १३ किलो पुरेसे आहेत का? कर्जाचे मार्जिन पाहण्याची सवय असल्याने मी हा प्रश्न सोडला नाही. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या टाकीत सुरुवातीला सुमारे अडीच किलो हवा असते. बुडीच्या आरंभी माणूस साधारण तेवढ्याच वजनाने जड असतो. पातळ पोशाख खोलीवर दाबला जातो त्याने आणखी एखाददोन किलोंची भर पडते. वर आल्यावर डोके पाण्याबाहेर राहावे म्हणून चारपाच किलो धरावेत. मालवणच्या उबदार पाण्यात हे सारे १३ किलोंत सुखाने बसते. थंड समुद्रात जाड पोशाख, जास्त शिसे आणि पोलादी टाकी घेऊन उतरणाऱ्याने मात्र हे जाकीट घेऊ नये.

मला खरोखर पटलेली गोष्ट निराळीच आहे. नेहमीच्या जाकिटांत पाठीला मऊ लागावे म्हणून भरपूर अस्तर भरलेले असते. ते अस्तर स्वतःच तरंगते आणि त्याला बुडवण्यासाठी कमरेला जादा शिसे बांधावे लागते. कारखान्यातल्या टाकीत आमच्या जाकिटातली हवा पिळून काढल्यावर ते निमूट तळाशी जाऊन बसले. जमिनीवर वाचलेले दोन किलो पाण्यात दिसत नाहीत. पण मुलीच्या कमरेचे दीड किलो शिसे कमी झाले, ते प्रत्येक बुडीत वाचते. माझ्या मते हलक्या जाकिटाचा हा खरा नफा, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख क्वचितच असतो. तोट्याच्या बाजूला पातळ कापड आहे. मालवणच्या खडकांवर धारदार कालवे असतात आणि त्यांना घासून जाण्याची सवय असणाऱ्याला हे कापड फार काळ साथ देणार नाही.

एका बाबतीत मात्र माझे मत सौम्य नाही. या वस्तूला आपण जाकीट म्हणतो आणि बोटीत घालायच्या जीवरक्षक वस्तूलाही जाकीटच म्हणतो. दोन्ही एक नव्हेत. जीवरक्षक जाकीट बेशुद्ध माणसाचे तोंडही पाण्याबाहेर राहावे अशा बेताने बनवतात. स्कूबाचे जाकीट तसे वचन देत नाही. माहितीपत्रकातच ते जीवरक्षक नाही असे छापलेले होते. शिवाय बुडी संपल्यावर ते टाकीसह उतरवून ठेवतात आणि परतीच्या प्रवासात माणूस जीवरक्षक जाकीट न घालता मोकळाच बसतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. तेव्हापासून मुलगी परतताना जीवरक्षक जाकीट घालते का, हे मी दर खेपेस विचारतो. ती कंटाळते. विचारणे चालू आहे.

आपल्यापैकी अनेक जण सुटीत सिंधुदुर्ग किल्ला पाहायला जातात आणि हौसेने एक बुडीही घेतात. अशा बुडीत जाकिटाची बटणे प्रशिक्षकाच्याच हाती असतात आणि ते योग्यही आहे. परंतु किनाऱ्यावर मी जे संवाद ऐकले आहेत, त्यांत दर किती आणि चित्रफीत मिळेल का, हेच दोन प्रश्न असतात. जाकीट समोर फुगवून दाखवा, बटण दाबून दाखवा आणि हवा सोडून दाखवा, असे म्हणायला अर्धा मिनिट लागतो. चांगला प्रशिक्षक त्याने रागावणार नाही. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभी केली आहे. हौस एका बुडीपुरती नसेल त्याने तेथे रीतसर शिकावे, आणि स्वतःचे जाकीट घेण्याचा विचार त्यानंतरच करावा. आमच्या कन्येने हाच क्रम पाळला होता, हे मला बरेच उशिरा कळले. भाड्याचे जाकीट दर वेळी वेगळे असते, त्याची बटणे चाचपडत शोधावी लागतात, हे तिचे उत्तर माझ्या पहिल्या प्रश्नाला पुरेसे होते.

परतीच्या दिवशी विमानाच्या १५ किलोंच्या मर्यादेसाठी बॅग पुन्हा काट्यावर चढली. १४ किलो ३०० ग्रॅम. नेहमीचे जाकीट असते तर मर्यादा ओलांडली असती. उरलेल्या जागेत सौभाग्यवतींनी मावा कचोरीचा अर्ध्या किलोचा डबा बसवला आणि त्यानंतर जाकिटाच्या पातळपणाविषयी आमच्या घरात कोणी काही बोललेले नाही.