पहिला पाहुणा येण्याआधी टाइल्स बदलू नका



होमस्टेच्या व्हिडिओत आपण खर्च, परवानग्या, फोटो कसे काढायचे, बुकिंग कसं घ्यायचं हे बघितलं. एक विषय मात्र तिथे राहून गेला, आणि माझ्या मते या धंद्यात सगळ्यात महाग पडणारा विषय तोच आहे. होमस्टे सुरू करायचं म्हणणारे बरेच जण पैशाअभावी थांबलेले नसतात. घर स्वतःचं असतं. मुलं शिकायला नाहीतर नोकरीला मुंबई-पुण्याला गेलेली, एक-दोन खोल्या रिकाम्या. समुद्र नाहीतर धरण नाहीतर एखादं देवस्थान जवळ. तरी गाडी पुढे सरकत नाही. का, म्हणून विचारलं की एकच उत्तर येतं : "सर, आमच्या घरात कोण येऊन राहणार?"

हे वाक्य मी कोकणात ऐकलंय, भंडारदऱ्याच्या बाजूला ऐकलंय, कोल्हापुरातही ऐकलंय. बोलण्यात प्रश्नचिन्ह असतं, पण तो प्रश्न नसतोच. निकाल आधीच लागलेला असतो. आपलं घर साधं, आपलं जेवण साधं, आपल्याला इंग्रजी येत नाही, म्हणजे आपण या धंद्याचे नाही.

आता यावर "स्वतःवर विश्वास ठेवा" असं मी सांगणार नाही. असं सांगून कुणाचा विश्वास वाढलेला मी तरी बघितला नाही. आणि शंका येण्यात काही वाईटही नाही. अनोळखी माणसाला घरात झोपायला जागा द्यायची आणि मनात काहीच येऊ नये, हेच जरा विचित्र वाटेल. शंका मनात राहिली तर फार बिघडवत नाही. ती खर्चात उतरली, नाहीतर दरात उतरली, की धंदा बसतो. मला बोलायचंय ते त्याबद्दल.

शंका आधी गवंड्याकडे जाते

कसं होतं बघा. एखादी ताई ठरवते की दोन खोल्या द्यायच्या. खोल्या ठीक आहेत. पण रात्री झोपताना वाटतं, फरशी जुनी दिसते. मग टाइल्स. टाइल्स टाकल्या की बाथरूम डोळ्यात खुपतं. बाथरूम झालं की वाटतं, शहरातल्या लोकांना एसी लागतोच. मग कुणीतरी सांगतं, अंगणात गझिबो हवा, फोटो चांगले येतात. असं करत करत तीन-चार लाख जातात. त्यात सोसायटीचं कर्ज, थोडं सोनं गहाण. आणि अजून एकही पाहुणा आलेला नाही!

प्रत्येक खर्चाला कारण असतं, म्हणून तो चुकीचा वाटत नाही. पण नीट बघितलं तर यातला बराचसा खर्च पाहुण्यासाठी झालेलाच नसतो. "आपण कमी पडतोय" ही टोचणी थांबावी म्हणून झालेला असतो. आणि ती टाइल्सने थांबत नाही. सिमेंटने शंका बुजत असती तर सगळ्या बिल्डरांना शांत झोप लागली असती.

वेळासचं उदाहरण घ्या. मंडणगड तालुक्यातलं छोटं गाव, नाना फडणवीसांचं गाव म्हणून आपल्याला माहीत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे २००२ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचं काम सुरू केलं. पुढे २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येऊ लागले. हॉटेलं नव्हती. मग राहायचं कुठे? गावकऱ्यांच्या घरातच. खाली गाद्या, घरचं जेवण, पहाटे उठून किनाऱ्यावर. आधी इमारत उभी राहिली आणि मग लोक आले, असं तिथे झालं नाही. येण्यासारखं काहीतरी होतं आणि झोपण्यापुरती स्वच्छ जागा होती.

एवढंच कशाला, आज जगभर पसरलेली एअरबीएनबी कंपनी घ्या. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भाडं भरायची अडचण असलेल्या दोन मित्रांनी आपल्या हॉलमध्ये हवेच्या गाद्या टाकल्या आणि शहरात एका डिझाइन परिषदेला आलेल्या तीन जणांना झोपायला दिल्या. नावातलं 'एअर' त्या गाद्यांवरून आलंय. एसीवरून नाही!

म्हणजे काहीच सुधारणा करू नका, असं माझं म्हणणं नाही. गळकं छप्पर, बाहेर लांब असलेलं संडास, आतून कडी न लागणारा दरवाजा यावर खर्च करावाच लागेल आणि तो आधीच करा. स्वच्छ कमोड, अंघोळीला गरम पाणी, धुतलेल्या चादरी, मच्छरदाणी आणि लाइट गेली तर पंखा चालेल एवढा इन्व्हर्टर, यात तडजोड नको. बाकीचं पहिल्या दहा पाहुण्यांच्या पैशातून करा. तेव्हा तुम्हाला कळलेलं असेल की लोक काय मागतात. गझिबो मागतात की अंगणात चार खुर्च्या.

सरकारी योजनांबद्दलही हेच. राज्य सरकारच्या २०२३ च्या 'आई' पर्यटन धोरणात महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज परताव्याची सोय आहे, अटींसह. चांगली गोष्ट आहे, जरूर चौकशी करा. पण व्याज परत मिळतं, मुद्दल नाही. १५ लाख मिळतात म्हणून १५ लाखांचं बांधकाम काढू नका.

पैसे मागताना जीभ का अडखळते

शंका दुसऱ्यांदा दिसते ती दर सांगताना. फोनवर कुणी विचारतं, "एका रात्रीचे किती?" इथे भले भले गडबडतात. मनात अठराशे ठरवलेले असतात, तोंडातून बाराशे बाहेर पडतात. वर आपणच जोडतो, "बघा, तुम्हाला जे योग्य वाटेल ते द्या." अहो, समोरच्याला काय योग्य वाटणार? त्याला फुकट योग्य वाटेल!

यामागे नुसती भीती नाही, संस्कारही आहेत. दारी आलेल्याला पाणी विचारायचं, जेवल्याशिवाय सोडायचं नाही, हे आपण लहानपणापासून बघितलंय. मग त्याच ताटाचे पैसे घ्यायचे म्हटलं की अपराधी वाटतं. आणि शेजारीण म्हणतेच, "आता पाहुण्यांकडूनही पैसे घेता वाटतं!" कोकणात, देशावर, सगळीकडे ही अडचण मी बघतो, आणि बायकांना ती जास्त येते. कारण रांधणं-वाढणं हे काम आहे आणि त्याला दाम आहे, असं त्यांना घरात कुणी सांगितलेलंच नसतं.

पण आपल्याच इतिहासात याचं उत्तर आहे. मुंबईत गिरण्या होत्या तेव्हा गावाकडून आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळी बायकाच चालवत होत्या. घरच्यासारखं जेवण आणि महिन्याचे ठरलेले पैसे. त्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराच्या तावडीतून सुटून बँकेचं कर्ज मिळावं, ही त्यामागची धडपड होती. त्या खानावळवालीने पैसे घेतले म्हणून तिचं वाढणं कमी मायेचं होतं का? घरी बोलावलेला पाहुणा वेगळा आणि बुकिंग करून आलेला पाहुणा वेगळा. दुसऱ्याला पैसे द्यायचेच आहेत. तुम्ही मोकळेपणाने आकडा सांगितला नाहीत तर उलट त्यालाच अवघडल्यासारखं होतं.

आता जरा हिशोब करू. वही काढा. समजा एका खोलीत दोघं जण एक रात्र राहिले. चादरी-टॉवेल धुण्याचे १००, दोघांचा चहा-नाश्ता २००, वीज-पाणी १२०, मदतीला येणाऱ्या मावशींचे १३०, साबण-फिनेल-किरकोळ ५०. झाले ६००. बुकिंग ॲपवरून आलं असेल तर कमिशन समजा १५ टक्के.

दर १२०० ठेवलात तर कमिशनचे १८० जातात, खर्चाचे ६०० जातात, हातात ४२० राहतात. दर १८०० ठेवलात तर कमिशन २७०, खर्च तेवढाच ६००, आणि हातात राहतात ९३०. दर दीडपट, पण उरलेले पैसे दुपटीहून जास्त. वर्षाला त्या खोलीतून ५० हजार सुटायला हवे असतील तर पहिल्या दराने तुम्हाला १२० रात्री खोली भरावी लागेल, दुसऱ्या दराने ५४. तुमच्याकडचे आकडे वेगळे असतील, तुमचे घाला. पण त्या जास्तीच्या ६६ रात्री कोण उठणार, कोण चादरी बदलणार, कोण सकाळी सातला घावणे काढणार? तुम्हीच, नाहीतर तुमची सून. संकोचाची किंमत कुणीतरी कष्टाने भरत असतंच, फक्त ती हिशोबात दिसत नाही.

म्हणून दर लिहून ठेवा. फोनजवळ भिंतीवर चिकटवा. शनिवार-रविवारचा वेगळा, मे महिन्याचा आणि दिवाळी-नाताळचा वेगळा. विचारलं की वाचून दाखवायचा आणि गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड, पण तेच करायचं. समोरून "थोडं कमी करा" आलं, तर दोन रात्री राहणाऱ्याला कमी करू असं म्हणा. उगाच, लाजून कमी करू नका.

साधेपणाची लाज

जेवणाबद्दल थोडं. "आमच्याकडे काय, कुळथाची पिठी आणि भात," असं म्हणणारे लोक पाहुणे येणार म्हटल्यावर पनीर आणायला तालुक्याला पळतात. ठाण्याहून सात तास गाडी चालवून आलेल्या माणसाला पनीर खायचं असतं तर तो ठाण्यातच थांबला असता की. त्याला तुमची सोलकढी हवी आहे. मात्र ती रोज त्याच चवीची हवी, वेळेवर हवी आणि तिखट किती चालेल ते आधी विचारलेलं हवं.

इंग्रजीचं भय तर मला कळतच नाही. कोकणातल्या घरगुती मुक्कामाला येणारे बरेचसे मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूरचे. ते तुमच्याशी मराठीतच बोलणार आहेत. परदेशी पाहुणा घ्यायचाच असेल तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवण्याचा नियम आहे, तो आधी समजून घ्या. तोवर इंग्रजीचा क्लास नाही लावला तरी चालेल.

कागदपत्रांचं मात्र लवकर बघा. केंद्राच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत घरमालक स्वतः त्या घरात राहत असला पाहिजे आणि एक ते सहा खोल्या देता येतात. राज्याचीही 'निवास व न्याहारी' योजना आहे. आता ही अट पुन्हा वाचा : मालक घरात राहत असला पाहिजे. म्हणजे ज्या गोष्टीची तुम्हाला लाज वाटते, की हे हॉटेल नाही, आमचं राहतं घर आहे, तीच गोष्ट योजनेची पहिली अट आहे.

आणि रिकाम्या खोलीबद्दल एक. जुलैत कोकणातली खोली महिनाभर रिकामी राहिली तर "आपलं काही खरं नाही" असं ठरवून मोकळे होऊ नका. पाऊस तुमच्यामुळे पडत नाही. मे महिन्यातला शनिवार रिकामा गेला तर मात्र बसून विचार करा. फोटो बघा, दर बघा, फोन उचलला जातो का ते बघा. तसंच अभिप्रायाचं. "बाथरूममध्ये पाय घसरतो" असं कुणी लिहिलं तर रात्रभर तळमळू नका. ते तुमच्याबद्दल नाही, फरशीबद्दल आहे. रबरी मॅट आणा.

मग सुरुवात कशी करायची? आधी स्वतः त्या खोलीत एक रात्र झोपा. खरंच झोपा, नवरा-बायको दोघंही. मोबाईल चार्जिंगला लावायला पलंगाजवळ प्लग आहे का, रात्री उठल्यावर लाइटचं बटण सापडतं का, पहाटे खिडकीतून कुठला वास येतो, गरम पाणी यायला किती वेळ लागतो, हे सगळं एका रात्रीत कळेल. जे खटकेल ते लिहा आणि तेवढंच दुरुस्त करा.

मग एक कुटुंब बोलवा. नातेवाईक नको, ते "छान छान" म्हणणार आणि लोणच्याची बरणी घेऊन जाणार. ओळखीच्याच्या ओळखीतलं कुणीतरी शोधा. एक रात्र, पूर्ण दर, अर्धे पैसे आधी. निघताना "कसं वाटलं?" असं विचारू नका, कारण तोंडावर कुणी वाईट सांगत नाही. विचारा, "रात्री कशासाठी उठावं लागलं?" आणि "कुठली गोष्ट मागायला संकोच वाटला?" जे सांगतील ते वहीत लिहा. गवंड्याला फोन त्यानंतर करा, लागला तर.