कमी खपलेल्या कॉम्प्युटरची बाजू

कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की आपल्या हॉस्टेलमध्ये पहिला प्रश्न ठरलेला, "सगळे कोणता घेतायत?" मग उल्हासनगरच्या दुकानांपासून पार लॅमिंग्टन रोडपर्यंत चौकश्या होतात, घरी हप्त्यांचा हिशोब कळवला जातो आणि सगळ्यांसारखंच एक मशीन खोलीत येऊन पडतं. जे जास्त खपतं ते चांगलं, हे गणित आपण इतकं पाठ केलंय की ते तपासून बघायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. तपासायला एक जुनं उदाहरण हाताशी आहे, म्हणून हा लेखनप्रपंच!

१ डिसेंबर १९८१ रोजी इंग्लंडमध्ये 'बीबीसी मायक्रो' नावाचा घरगुती कॉम्प्युटर आला. बनवणारी कंपनी केंब्रिजची एकॉर्न. प्रोसेसर ६५०२, वेग २ मेगाहर्ट्झ आणि मॉडेल 'बी'मध्ये रॅम फक्त ३२ केबी. पुढच्याच वर्षी सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम आणि अमेरिकेचा कमोडोर ६४ बाजारात उतरले. स्पेक्ट्रम ५० लाखांच्या वर खपले, कमोडोर एक कोटीच्या वर गेले आणि आपला बीबीसी साधारण १५ लाखांवरच राहिला. भारतातही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन 'स्पेक्ट्रम प्लस' विकायला काढला होता. घरचा टीव्ही आणि कॅसेट प्लेअर जोडला की झालं काम!

स्पेक्ट्रमला नावं ठेवायची नाहीत, बरं का. ४८ केबीचा स्पेक्ट्रम १७५ पौंडांना निघाला, तर बीबीसी मॉडेल बी त्याच्या दुपटीहून महाग. शिवाय स्पेक्ट्रमची स्क्रीन म्हणजे काटकसरीचा नमुना. २५६ बाय १९२ ठिपक्यांचं चित्र ६१४४ बाइट्समध्ये, आणि रंग ठिपक्यागणिक न देता ८ बाय ८ च्या चौकोनाला दिलेला, त्याचे आणखी ७६८ बाइट्स. उलट बीबीसीचा सर्वात बारीक ग्राफिक्स मोड एकट्या स्क्रीनसाठी २० केबी खायचा. ३२ मधले २० गेले की प्रोग्रॅमला उरणार काय? ही उणीव खरी होती.

मग तरीही बीबीसीची बाजू का घ्यायची? कारण ते मशीन शिकणाऱ्यासाठी उघडं होतं. कमोडोरवर एक रेघ काढायची तर बेसिकमध्ये तशी आज्ञाच नव्हती, मेमरीत आकडे 'पोक' करत बसावं लागायचं. बीबीसीच्या बेसिकमध्ये रेघ, आवाज, नाव दिलेल्या प्रोसिजर्स सगळं होतं. त्याहून भारी म्हणजे त्याच प्रोग्रॅमच्या मध्येच असेंब्ली भाषा लिहिता यायची. वेगळा असेंब्लर नको की आणखी काही नको. आणि खालच्या बाजूला आठ लाइन्सचं यूजर पोर्ट आणि मागच्या बाजूला चार चॅनलचं अॅनालॉग इनपुट. म्हणजे एलईडी लावा, रिले चालवा, तापमान मोजा. आपण लॅबमध्ये ८०८५ च्या किटवर ८२५५ जोडून जे करतो, ते तिकडची शाळेतली पोरं घरच्या टेबलावर करत होती!

यातून निघालं काय? त्या बीबीसी बेसिकच्या कर्त्या सोफी विल्सन यांनी पुढे एका नव्या प्रोसेसरचा इन्स्ट्रक्शन सेट आखला आणि त्याचं सिम्युलेशन याच बेसिकमध्ये करून पाहिलं. स्टीव्ह फर्बर यांच्या जोडीने बनलेली ती चिप एप्रिल १९८५ मध्ये चालू झाली. तिचं नाव एआरएम. आज तुमच्या-माझ्या खिशातल्या मोबाइलमध्ये तिचाच वंश आहे. खपाच्या शर्यतीत मागे राहिलेल्या कंपनीचं हे काम आहे, हे विसरू नका.

आता कोणी म्हणेल, मग आपल्याकडे का नाही काही घडलं? प्रश्न रास्त आहे. १९८४ साली केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पात सुरुवातीला सुमारे २५० शाळांना हेच बीबीसी मायक्रो दिले होते. मशीन उत्तम, पण पुरेसे तयार शिक्षक नव्हते आणि प्रोग्रॅम्सही परके. नुसतं चांगलं मशीन आणून भागत नाही, त्याला हात लावू देणारा माणूसही लागतो. हा मुद्दा विद्यार्थ्यांइतकाच आपल्या आदरणीय सरांनी आणि मॅडमनीही मनावर घ्यावा, ही नम्र विनंती.

आजचं बोलायचं तर बीबीसीचा वारसा रास्पबेरी पाय चालवतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये तो निघाला तेव्हा मॉडेल 'ए' आणि 'बी' ही नावंही बीबीसीवरूनच घेतली. कॅडसाठी किंवा गेम्ससाठी तो पुरा पडणार नाही, कबूल. ज्याला त्याची गरज आहे त्याने मोठा लॅपटॉप जरूर घ्यावा. पण निम्म्याहून जास्त खोल्यांत हप्त्यावरचा लॅपटॉप पिक्चर बघायला आणि जर्नल उतरवायला वापरला जातो, हे आपल्याला काय वेगळं सांगायला हवं? आणि ते हप्ते कोण भरतं? शहाडच्या कारखान्यात पाळी करणारे, नाहीतर गावाकडे शेती करणारे आपले वडीलच ना!

माझं म्हणणं एवढंच. प्रत्येक ब्रँचने वर्गणी काढून हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये चार-पाच रास्पबेरी पाय, जुने मॉनिटर आणि एक सोल्डरिंग गन ठेवावी. किल्ली कपाटात न ठेवता सिनियर्सकडे द्यावी. एखादं बोर्ड जळेल, जळू द्या. सेमिस्टरभर वापरून बघा, आणि मग नवीन लॅपटॉपसाठी घरी फोन करायचा की नाही ते ठरवा. दुकानात गेलात तरी "जास्त काय खपतं" असं विचारू नका. "यात मला काय काय उघडून बघता येईल?" असं विचारा. दुकानदार गोंधळला तर समजा, प्रश्न बरोबर आहे!