लव्हाळ्याची गाठ, मेंदूची गाठ



खुरपणी झाली की रान कसे स्वच्छ दिसते! पण लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत राहिल्या, तर थोड्याच दिवसांत पुन्हा कोंब वर येतात. मेंदूचा ‘ग्लायोब्लास्टोमा’ नावाचा कर्करोग असाच चिवट असतो.

मेंदूतील मज्जापेशींना आधार देणाऱ्या, पोसणाऱ्या काही पेशी असतात. त्यांच्या जातीच्या पेशींतील जनुके बिघडली की हा रोग होतो. वाढ सुरू करणारे बटण अडकते, थांबवणारे निकामी होते. पंप चालूच राहतो, बंद होत नाही, तशी गत. गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्यांचे पाट काढून घेते, आणि तिच्या पेशी निरोगी मेंदूत दूरवर शिरतात. मेंदू म्हणजे बांध नव्हे, की चार बोटे जास्त खणून घ्यावे. म्हणून डॉक्टरांना सगळी मुळे काढता येत नाहीत.

पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. अंजली शिरस आणि सहकाऱ्यांनी रुग्णाच्या गाठीतील पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. २००३ व २००७ साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. एक वाण सावकाश वाढणारा निघाला. पुढे त्यातूनच आपोआप दुसरा, झपाट्याने वाढणारा वाण तयार झाला. तो उंदरात गाठ करी. जनुकांची घडी विस्कटत जाते आणि मूळ पेशीच कर्करोगाचे बी बनते, असे त्यातून दिसले.

हे बी मागे उरते, म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे किरणोपचार आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या देतात. पुढेही गोळ्यांचे फेरे असतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत नुसत्या किरणांवर दोन वर्षे जगणारे शंभरात दहा होते. गोळ्या जोडल्यावर ते सव्वीस झाले. रोग समूळ जात नाही, हे खरे. पण ‘गाठ काढली, आता कशाला खेपा?’ म्हणून उपचार अर्धवट सोडू नका. ती पहिली खुरपणी होती.

पहाटेची वाढती डोकेदुखी व उलट्या, मोठेपणी पहिल्यांदाच आलेली फिट, एका अंगाची कमजोरी, बोलण्या-वागण्यातला बदल: असे दिसल्यास अंगाऱ्या-धुपाऱ्यात दिवस घालवू नका, डॉक्टर गाठा. प्रत्येक डोकेदुखी गाठीची नसते, पण तपासणीने शंका फिटते. हा रोग संसर्गाने पसरत नाही, की कुणाच्या पापाने होत नाही. तेव्हा रुग्णाच्या ताटात ताट लावून बसा.